सही आली, पण वाचता येते काय?

जानेवारीची ३ तारीख आली की गावोगाव सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार पडतात, शाळेतील मुली भाषणे करितात आणि पुढारी टाळ्या घेऊन जातात. हार घालण्यास आमची हरकत नाही. परंतु सभेच्या मागे पदर सावरून बसलेल्या आमच्या किती आयाबहिणींस त्या तसबिरीखालचे नाव वाचता येते, हे कोणी पाहिले आहे काय? २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात शंभर पुरुषांत सुमारे ८८ साक्षर होते, तर शंभर स्त्रियांत सुमारे ७६. म्हणजे दर चार बायांमागे एक अक्षरशून्य!

यावर उपाय म्हणून प्रौढांचे वर्ग निघतात. पण पुष्कळ ठिकाणी सही गिरविता आली की फोटो निघतो व वर्ग संपतो. आमचाही दोष सांगतो. आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई मोठ्या हौसेने सही शिकली. पुढे दिवाळीत भावाने साडीचोळी केली, तालुक्याला नेले आणि एका कागदावर तिची सही घेतली. ते हक्कसोडपत्र होते. बापाच्या जमिनीतला तिचा वाटा गेला. अंगठा उठविणारीस कागद वाचून दाखवावा असा रिवाज तरी आहे. सही करणारीने तो वाचलाच आहे असे जग धरून चालते. आणि ती सही आम्हीच शिकविली होती!

२००५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका हक्क मिळाला. पण कागद वाचता येत नाही तिचा हक्क कागदावरच राहतो. भटजींनी बहुजनांस विद्या बंद केली म्हणून आपण शंभर वर्षे ओरडत आलो, ते रास्तच होते. मग आज आपल्याच घराच्या दाराला आतून कडी कोणी घातली? येथे भटजी नाही. येथे आपण आहोत.

जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८५५ साली कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढिली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तिचे वय सुमारे १४ वर्षांचे होते. तिला नुसते नाव लिहावयास शिकविले असते, तर तिच्या जातीचे दुःख तिच्या तोंडून जगास कधी कळते काय? विद्या ती हीच, जी मुक्याला वाचा देते.

म्हणून शिकविणाऱ्यांनी सहीवर थांबू नये. सातबारा, रेशनकार्ड, बचतगटाचे पासबुक, औषधाची चिठ्ठी, हीच क्रमिक पुस्तके करावी. आणि दुसरे, बाईचेच बोलणे फळ्यावर लिहावे. हेमा रायरकर व गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बाया निरक्षरच होत्या. ज्यांच्या कंठात एवढे भांडार, त्यांस अडाणी कोणी म्हणावे? तिची ओवी तिच्यापुढे लिहा. शब्द तिला पाठ आहेत. अक्षरे त्यांच्या मागोमाग येतील.

वयाची सबब चालणार नाही. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली साठीच्या पुढील आजीबायांची शाळा निघाली. २०२२ साली सुरू झालेला नवभारत साक्षरता कार्यक्रमही बिनपगारी स्वयंसेवकांवरच उभा केलेला आहे. परंतु सरकारी फर्मानाची वाट कशास पाहावी? शिकलेल्या प्रत्येक मुलाने व मुलीने घरातील किंवा शेजारची एक बाई धरावी, रोज एक तास द्यावा, आणि तेवढा वेळ चूल पुरुषांनी सांभाळावी.

ज्या दिवशी आमची बहीण पुढे केलेला कागद हातात घेऊन "थांब दादा, आधी वाचते" असे म्हणेल, त्या दिवशी सावित्रीबाईंच्या तसबिरीस खरा हार पडला असे आम्ही समजू.