परिचारिकेला पन्नास गुण पुरतात का?

दहावीला पस्तीस गुण पडले की आपल्याकडे पेढे वाटतात. वाटावेत, त्यात गैर काही नाही. भूगोलात पस्तीस मिळवणाऱ्याला गोदावरीची उपनदी आठवली नाही म्हणून कुणाचा जीव जात नाही. पण काही शिक्षणे अशी आहेत की तिथे राहिलेले गुण कुणाच्या तरी अंगावर येतात. परिचारिकेचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सिस्टरचे शिक्षण त्यांपैकी एक आहे.

निकाल आणि प्रवेशाचे दिवस आले की दवाखान्यात औषधाच्या निमित्ताने पालक येतात आणि जाता जाता विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरीला नर्सिंगला टाकू का? पास होईल का ती?" मला वाटते, यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. पास होणे म्हणजे नेमके काय, हा तो प्रश्न. आजचा लेख त्याविषयी.

नियम काय सांगतो?

आपल्या राज्यात नर्सिंगचे मुख्य तीन मार्ग आहेत. दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. पहिल्या दोन्हींच्या परीक्षा राज्याचे नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेते. बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. जी.एन.एम. आणि बी.एस्सी.ला उत्तीर्ण होण्यासाठी लेखी परीक्षेत ५० टक्के आणि प्रात्यक्षिकात ५० टक्के असे वेगवेगळे गुण लागतात. लेखीत ८० मिळवले आणि प्रात्यक्षिकात ४० पडले, तर बेरजेने पास करत नाहीत. बी.एस्सी.ला इंग्रजीत ४० टक्क्यांची सवलत आहे.

हजेरीचा नियम तर आणखी बोलका आहे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते, पण पदविका किंवा पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. नियम करणाऱ्यांना कळत होते की, वर्गातले एखादे व्याख्यान बुडाले तर पुस्तक वाचून भरून काढता येते, वॉर्डातली रात्र बुडाली तर ती पुस्तकात सापडत नाही.

म्हणजे नियम वाईट नाही. मग माझी तक्रार कुठे आहे?

बेरजेत काय लपते?

समजा, प्रात्यक्षिक परीक्षेत दहा कामे दिली आणि प्रत्येकाला दहा गुण ठेवले. एका मुलीने रुग्णाचे अंथरूण बदलले, ताप-नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, जखमेची पट्टी केली, नळीने अन्न दिले, अशी आठ कामे उत्तम केली. दोन मात्र साफ चुकली. एक इन्सुलिनचा डोस आणि दुसरे रक्ताची पिशवी रुग्णाच्या गटाशी ताडून पाहणे. तिला १०० पैकी ८० गुण मिळतील. घरी पेढे येतील, कॉलेजच्या फलकावर फोटो लागेल. पण जी दोन कामे चुकली, नेमकी तीच माणूस मारणारी आहेत.

इन्सुलिनचेच घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलीलीटरला ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. पेनमध्ये भरायचे इन्सुलिन मिलीलीटरला १०० युनिटचे असते, त्या मापाची सिरिंज केशरी टोपीची. आता १०० युनिटवाले इन्सुलिन कुणी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. उलट केले तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर चढत राहते. हा हिशेब 'निम्मा बरोबर' येत नाही. तो येतो किंवा येत नाही.

पोटॅशियम क्लोराईडची कुपी दिसायला सुईच्या पाण्याच्या कुपीसारखी असते. सलाईनमध्ये मिसळून हळूहळू दिले तर ते औषध, तेच सरळ शिरेत ढकलले तर हृदय बंद पडते. इथे ५० टक्के बरोबर याचा अर्थ काय घ्यायचा?

म्हणून बी.एस्सी.च्या २०२१च्या नव्या अभ्यासक्रमात एक सुधारणा आली तिचे मी स्वागत करतो. परीक्षार्थीला एकापाठोपाठ एक टेबलांवर पाठवायचे, प्रत्येक ठिकाणी एक ठरलेले काम करून घ्यायचे आणि ठरलेल्या यादीप्रमाणे गुण द्यायचे, अशी ही पद्धत आहे. तोंड पाहून गुण देण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण शेवटी तिथेही सर्व टेबलांची बेरीजच होते, आणि बेरजेत दोष लपतो.

एक साधे गणित

माझ्याकडे कामासाठी मुली येतात, तेव्हा मी गुणपत्रिका बाजूला ठेवतो आणि एकच गणित घालतो. पाचशे मिलीची सलाईन चार तासांत संपवायची आहे, तर मिनिटाला किती थेंब? चांगले सत्तर टक्के मिळवलेल्या मुलीही गोंधळतात, कुणी घोकलेले सूत्र म्हणून दाखवते आणि तिथेच थांबते. एकदा चोपन्न टक्केवाल्या एका मुलीने उत्तर द्यायच्या आधी मलाच विचारले, "सर, सेट कोणता? साधा की मायक्रो?" तिथेच ती पास झाली. साध्या सेटला मिलीलीटरला २० थेंब धरले तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात आणि मायक्रोला ६० थेंब धरले तर १२५. सेट न विचारता दिलेले कोणतेही उत्तर चूकच.

शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. पण त्यासाठी नेमके शीत दाबून पाहावे लागते, पातेल्याचे वजन करून भात शिजला की नाही ते कळत नाही.

मग पास होण्याचे गुण वाढवावेत का?

काहींना वाटेल, उपाय सोपा आहे. पन्नासचे पंच्याहत्तर करा. मला हे मुळीच पटत नाही. भूम-परंड्याकडच्या किंवा लोहारा-उमरग्याच्या खेड्यातून येणारी मुलगी मराठी शाळेत शिकलेली असते. तिची पुस्तके इंग्रजी. लेखी पेपरात तिचे गुण जातात ते बऱ्याचदा भाषेपायी, समजेपायी नव्हे. नुसता आकडा वाढवला तर हीच मुलगी बाहेर पडेल आणि शहरातली घोकंपट्टी आत राहील. बापाने कर्ज काढून भरलेली फी वाया जाईल ती वेगळीच.

शिवाय लेखी परीक्षेवर किती भिस्त ठेवायची, याचा धडा अमेरिकेने २०२३ साली घेतला. फ्लोरिडा राज्यातल्या तीन नर्सिंग शाळांनी न शिकवताच ७,६०० हून अधिक पदविका विकल्याचे तिथल्या सरकारने उघडकीस आणले. पदविका विकत घेतलेल्या लोकांपैकी सुमारे २,४०० जण पुढे परवान्याची परीक्षा पास झाले! ती परीक्षा काही सोपी नाही. पण तिथे प्रश्नांची उत्तरे तपासतात, हात तपासत नाहीत.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातही नर्सिंग कॉलेजांचा घोटाळा गाजला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने कॉलेजे तपासली. अनेकांकडे इमारत, शिक्षक, रुग्णालय यांचा पत्ता धड नव्हता. पुढे मे २०२४ मध्ये या तपासातल्या अधिकाऱ्यालाच लाचेच्या आरोपावरून अटक झाली. त्या गोंधळात प्रामाणिक मुलींच्या परीक्षा मात्र वर्षानुवर्षे खोळंबल्या. कुंपणाने शेत खाल्ले आणि दंड पिकाला झाला.

दुखणे खरे कुठे आहे?

पहिले दुखणे वहीत आहे. बी.एस्सी.च्या जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलीने ३० गरोदर स्त्रिया तपासाव्यात आणि २० नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हाताने कराव्यात, अशी अट होती. अट चांगली. पण ज्या रुग्णालयात महिन्याला मोजक्या प्रसूती होतात आणि मुली मात्र चाळीस आहेत, तिथे प्रत्येकीच्या वाट्याला वीस प्रसूती येणार कुठून? त्या वहीत होतात. एकीने केलेली नोंद चौघी उतरवतात, खाली सही पडते आणि वही पूर्ण होते.

दुसरे दुखणे अंतर्गत गुणांचे. बी.एस्सी.च्या मुख्य विषयांच्या प्रात्यक्षिकात १०० पैकी ५० गुण अंतर्गत असतात, म्हणजे कॉलेजच्या हातात. अंतर्गत गुण असावेत, कारण रोज पाहणाऱ्या शिक्षिकेइतके विद्यार्थिनीला कोण ओळखणार? पण ज्या कॉलेजचे पुढच्या वर्षीचे प्रवेश यंदाच्या निकालावर अवलंबून आहेत, त्याने हात आखडता घ्यावा ही अपेक्षा भाबडी आहे.

याची किंमत आपल्या जिल्ह्याला जास्त मोजावी लागते. नीती आयोगाने २०१८ साली देशातले जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि त्यात आपला जिल्हा होता. धाराशिवला वैद्यकीय महाविद्यालय आले ही आनंदाची गोष्ट. तरी रात्री दोन वाजता खेड्यातल्या उपकेंद्रात बाळंतीण येते, तेव्हा समोर डॉक्टर नसतो, सिस्टर असते. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटात त्याला पिशवी-मास्कने श्वास द्यायचा असतो. सोलापूर किंवा लातूर गाठेपर्यंत ते मिनिट थांबत नाही.

काय करता येईल?

माझे म्हणणे थोडक्यात असे. लेखीचे पन्नास टक्के तसेच राहू द्या. पण सात-आठ कामांची एक वेगळी यादी करा. औषधाच्या डोसाचे गणित, इन्सुलिन, सलाईनचे थेंब, रक्ताची पिशवी ताडून पाहणे, जोखमीच्या औषधांची ओळख, बाळाला श्वास देणे, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ओळखून पहिले उपचार सुरू करणे, आणि हात धुण्यापासूनची निर्जंतुकता. या कामांना गुण नकोत. 'येते' किंवा 'अजून येत नाही' एवढाच शेरा हवा. सगळी आल्याशिवाय नोंदणी नको. जी राहिली असतील तेवढीच महिन्याभराने पुन्हा द्यावीत, जादा फी न घेता. त्यासाठी वर्ष वाया घालवू नये, आणि 'नापास' हा शिक्काही नको. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचा असावा आणि परीक्षा मराठीत देता यावी.

यात जगावेगळे काही नाही. वाहनाचा परवाना देताना गाडी छान वळवली म्हणून ब्रेक न लागल्याचे गुण कुणी भरून देत नाही. १९४७च्या जुन्या नर्सिंग परिषद कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला. नवे नियम लिहिताना ही यादी त्यात घालणे अवघड नाही.

आम्हा डॉक्टरांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. कमी पगारात मिळते म्हणून बारावी झालेल्या मुलीला पांढरा कोट घालायचा, चार दिवसांत सुई टोचायला शिकवायचे आणि तिला सिस्टर म्हणायचे, हा प्रकार आमच्या व्यवसायात आहे. आम्हीच शिक्षणाची किंमत करणार नसू, तर तीन वर्षे घासून शिकलेल्या मुलीने कुणाकडे पाहायचे? नोंदणी पाहून माणूस घ्यावे आणि पगारही त्या शिक्षणाला शोभेल असा द्यावा.

पालकांनी प्रवेशाआधी एवढे विचारावे:

१. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का? कागद डोळ्यांनी पाहावा.
२. मुली शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात? तिथे खाटा किती, आणि त्यांपैकी भरलेल्या किती?
३. महिन्याला तिथे प्रसूती किती होतात, आणि मुली किती आहेत?
४. रात्रपाळीला मुलींसोबत शिक्षिका असते का? राहण्या-जाण्याची सोय काय?
५. गेल्या तीन वर्षांतल्या मुली आज कुठे काम करतात?

निकाल किती टक्के लागला, हे सर्वांत शेवटी विचारावे.

आणि ज्या मुली आज शिकत आहेत त्यांना सांगणे एवढेच की, वही पूर्ण करण्याची घाई करू नका. न केलेल्या प्रसूतीपुढे सही मागू नका. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरच्या मागे मागे फिरा, रागावली तरी फिरा. येत नसेल तर 'येत नाही, दाखवा' म्हणा. हे तीन शब्द म्हणायला आज थोडी लाज वाटेल, पण उद्या रुग्णाच्या उशाशी उभे राहताना हात कापणार नाही.