पिंजरा मागितला, उकिरड्याचं काय?

शेजारच्या मळ्यातल्या वहिनींचा रात्री साडेआठला फोन आला. "ताई, पोरं आत घ्या. मोत्या गेला." मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. ओसरीवरून नेला, ओरडलासुद्धा नाही म्हणे. वहिनी दोन मिनिटांपूर्वीच तिथे भांडी घासत बसल्या होत्या.

आमच्या राजुरीत किंवा जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही गावात ही बातमी नवी नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या. आम्ही त्याला वाघच म्हणतो. मादी उसात पिल्लं घालते, तोड आली की ती सापडतात. घरं आमची गावठाणात कमी, मळ्यामळ्यात जास्त. म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की ऊस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. पुरुषमंडळींचं एकच, पिंजरा लावायला सांगा. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले आहे, पण त्या दिवशी गप्प बसवेना. कारण पिंजऱ्याचा इतिहास आपल्याच तालुक्यात घडलेला आहे. २००१ पासून दोन-तीन वर्षं जुन्नर भागात बिबटे धडाधड पकडले आणि आसपासच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. परक्या जागी सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरं येऊन धरतं. आता माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवायचे म्हटले तरी किती ठेवणार?

माणसावर हल्ला झाला तिथे पिंजरा लागलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडे काही दिवसांतच तीन जीव गेले. त्यात लहान लेकरं होती. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. जिचं लेकरू गेलं तिला कचऱ्याचं तत्त्वज्ञान ऐकवायला कोणी जाऊ नये. मीही जाणार नाही. मी बोलते आहे ते त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. बिबट्या ओसरीपर्यंत येतोच का?

शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं गेलं. सगळ्यात मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. शेळ्या त्याच्या खूप मागे. हे वाचलं तेव्हा मी आमच्या परसाकडे बघितलं. शिळी भाकरी, उरलेला भात मीच तर रोज मागच्या बाजूला टाकत होते! पाच-सहा कुत्री तिथे कायमची वस्तीला. पुण्य समजून घालत होते हो.

मग आम्ही सात-आठजणी एक वही घेऊन मळ्यातून रस्त्यापर्यंत चालत गेलो. कुत्री कुठे जमतात ते लिहीत गेलो. एक कोंबडीवाला पिसं-आतड्यांची पोती रस्त्याकडेला टाकायचा, तिथे सगळ्यात मोठी टोळी. दुसरी जागा ओढ्याकाठी. आमचा भाग दुधाचा, घरटी संकरित गाई. वासरू दगावलं की पुरायला वेळ कुणाला? ओढ्यात टाकून मोकळं व्हायचं. त्याच ओढ्याला लागून विहीर, आणि पावसाळ्यात घराघरात जुलाब. म्हणजे बिबट्या, कुत्रं चावणं, माश्या आणि पोटाची दुखणी सगळी एकाच उकिरड्यावरून निघत होती. आम्ही मात्र वनखात्याकडे एक अर्ज, दवाखान्यात दुसरा केसपेपर असं वेगवेगळं धरून बसलो होतो.

हे मांडायचं कुठे? मैत्रिणींनो, त्याची जागा कायद्याने करून ठेवली आहे. २००३ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे जातं. पण किती गावांत ही सभा होते आणि किती गावांत नुसतं रजिस्टर दारोदार फिरतं, ते तुम्हीच आठवा. "इथे सही करा वहिनी," म्हटलं की आपण पदराला हात पुसून सही करतो. मीही केली आहे, दोनदा तरी. यंदा ठरवलं, सही तिथे जाऊनच करायची.

तेवीसजणी गेलो. एकीच्या घरी आदल्या रात्री वाजलंच, "बायकांनी वाघाचं काय बघायचं?" ती तरी आली, मागे बसली, एक शब्द बोलली नाही. अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई सोबत होत्या, त्यांचा फार उपयोग झाला. गावाच्या आरोग्य, पाणी, पोषण, स्वच्छता समितीत त्या दोघी असतात. कुत्रा चावल्याची इंजेक्शनं किती जणांना घ्यावी लागली, ते आशाताईंनीच उभं राहून सांगितलं. तोवर सभेत कुजबुज चालली होती, ती थांबली.

सगळं मिळालं असं नाही. मेलेली जनावरं पुरायला ओढ्यापासून लांब खड्डा झाला. शाळेच्या वाटेवर दिवा लागला. कोंबडीवाल्याशी मात्र अजून रोजची वादावादी आहे. त्याचंही म्हणणं अगदी चूक नाही, पोती न्यायला गाडी येत नाही तर त्याने ती ठेवायची कुठे? गोठ्यांना जाळी बसवायची म्हणजे पैशांचा प्रश्न. बचत गटातून तिघींनी बसवली, बाकीच्या दुधाच्या पगाराची वाट बघताहेत. काही घरांना अजून आडोशाला बाहेर जावं लागतं. खाली बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून खुरपायलाही आता आम्ही एकटं बसत नाही. बोलत, मोबाईलवर गाणी लावून बसतो.

आणि सगळ्यात अवघड राहिलंय ते विजेचं. पाळी रात्रीची आली की मोटार चालू करायला मालक जातो आणि बॅटरी धरायला बायको. उसाच्या बांधावर रात्री दोन वाजता उभं राहणं म्हणजे काय, ते त्या बाईला विचारा. दिवसा वीज देणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे आम्हालाही कळतं. पण ठराव करून वर पाठवणं तर हातात आहे? पुढच्या महिला सभेत तो पहिला विषय घ्यायचा ठरलाय. मागे गप्प बसलेल्या बाईंनीच सुचवला.

वहिनींनी परवा नवं पिल्लू आणलं. नाव पुन्हा मोत्याच. संध्याकाळी सातला ते जाळीच्या खुराड्यात जातं, आणि वहिनी भांडी घासायला आत मोरीत.