जॅकेट कोणत्या पावसासाठी?

मे सरत आला की पावसाळी ट्रेकच्या सामानाच्या याद्या फिरू लागतात. अलीकडे त्यांत एक ओळ हमखास दिसते: ‘हार्ड शेल जॅकेट, सक्तीचे’. भंडारदऱ्याला एका दिवसासाठी येणाऱ्या कॉलेजच्या पोरांवरही ही सक्ती असते. चांगल्या थ्री-लेयर जॅकेटला वीस हजारांच्या पुढे पैसे पडतात. मग ती पोरं दोन-अडीच हजारांत तसंच दिसणारं काहीतरी उचलतात आणि आपण नियम पाळल्याच्या समाधानात गड चढायला लागतात. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकच्या यादीतून ही ओळ लीडरमंडळींनी काढून टाकावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे मत आम्ही बेलापुरात बसून मांडतोय, याची कल्पना आहे. बेलापूर म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं. नव्या मुंबईतलं नव्हे. इथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी लोक खूश असतात. भंडारदरा-निळवंडे धरणांतून पाणी सोडलं की कोरड्या आभाळाखाली आमची नदी दुथडी भरते. पाऊस तिकडे रतनगडाच्या अंगाला पडलेला असतो. आमच्याच जिल्ह्यातलं घाटघर आमच्या कितीतरी पट पाऊस झेलतं. पर्जन्यछायेतल्या गावात घेतलेलं जॅकेट घाटमाथ्यावर जाईपर्यंत पारखलंच जात नाही. दुकानदार बाटलीतलं पाणी ओतून थेंब घरंगळताना दाखवतो, पण त्यातून बाहेरच्या लेपापलीकडे काही कळत नाही.

मुद्दा हार्ड शेलच्या आतल्या पडद्याचा आणि वाफेचा आहे. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सच्छिद्र पडदा बनवला आणि १९७६ च्या सुमारास त्याची जॅकेटं बाजारात आली. पाण्याचा थेंब आत येणार नाही, पण घामाची वाफ बाहेर जाईल, हे त्याचं वचन. ते खोटं नाही, पण वाफ आपणहून बाहेर पडत नाही. आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती सरकते. जॅकेटच्या आत तीस अंशांची दमट हवा धरा: बाष्पदाब साधारण ४२ मिलिबार. जुलैत घाटघरला बावीस अंश आणि ढगात बुडालेली हवा: २६ मिलिबार. फरक उरला सोळाचा. हिमालयात शून्य अंशाला बाहेर जेमतेम सहा मिलिबार, म्हणजे फरक छत्तीसचा. तेच जॅकेट, तोच माणूस, पण वाफ ढकलणारा जोर आपल्याकडे निम्म्याहून कमी. त्यात पाठ सॅकने झाकलेली. दणकून चढताना तासाला लिटरभर घाम सहज येतो. कळसूबाईच्या पहिल्या शिडीपर्यंत माणूस आतूनच चिंब होतो आणि जॅकेट गळतंय म्हणून कंपनीला शिव्या घालतो.

अकोले तालुक्यात भातलावणी करणाऱ्या बाया बांबूच्या काड्या आणि पानांचं इरलं डोक्यावरून पाठीवर घेतात, ते उगाच नाही. वाकलेल्या पाठीवर पाऊस झेलला जातो आणि खालून, पुढून सगळं मोकळं राहतं. गुराख्याच्या घोंगडीच्या खोळीचंही तेच. शिवाय लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. या दोन्हींत वाफ जाण्यासाठी कापडाची परवानगी लागत नाही. इरलं घालून रतनगडाची शिडी चढा असं आम्ही म्हणत नाही. वाऱ्यात पॉन्चोसुद्धा तिथे नको, कारण त्याचा घोळ पायाखालची पायरी झाकतो. पण बगलेखालची लांब चेन आणि पुढून उघडं ठेवता येणारं साधं रेनजॅकेट इथे महागड्या पडद्यापेक्षा जास्त कामाचं, हे त्यावरून समजायला हरकत नाही.

सह्याद्रीत भिजणं टळत नाही. टाळायचं असतं ते गारठणं. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातला एक तरुण गारठ्याने गेला. पारा शून्याच्या जवळपासही नसताना हे होतं. ओलं अंग, वारा आणि थांबलेली हालचाल एवढं पुरतं. म्हणून यादीत सक्तीचं काही लिहायचंच असेल, तर पिशवीत घट्ट बांधलेला कोरडा फ्लीस आणि कोरडी टोपी लिहा. चढताना जॅकेट सॅकमध्ये, खिंडीत किंवा नेढ्यात वारा लागला की अंगावर, मुक्कामाला पोचताच आतले ओले कपडे बाहेर. हे गटाला सांगणं आणि करवून घेणं लीडरचं काम आहे.

हिमालयाची गोष्ट वेगळी. तिथेही सगळीकडे नाही. लेहला वर्षभरात शंभरेक मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे तो बेलापूरचाही थोरला भाऊ. पण कुमाऊँ-गढवालमध्ये चार हजार मीटरवर दोन-तीन अंशांत पडणारा पाऊस हिमवर्षावापेक्षा वाईट, आणि हार्ड शेलचे पैसे तिथे वसूल होतात. निवड करताना लेबल नंतर वाचा, आधी अंगात घाला. आत डाउन जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस असं सगळं चढवून दोन्ही हात वर करा. कड हार्नेसमधून निसटली तर ते जॅकेट तुमचं नाही. जॅकेटची टोपी हेल्मेटवर बसून मानेबरोबर वळली पाहिजे. हातमोजे घालून चेन ओढता आली पाहिजे. खिसे कमरपट्ट्याच्या वर हवेत. रंग भडक घ्या. काळं-हिरवं जॅकेट फोटोत रुबाबदार दिसतं आणि ढगात पाच पावलांवर नाहीसं होतं.

लेबलवरचे आकडे? पाण्याच्या दाबाचा दहा हजार मिलिमीटरचा आकडा बहुतेकांना पुरतो. सॅकच्या पट्ट्यांखाली आणि बर्फात गुडघे टेकल्यावर दाब वाढतो, तिथे वीस हजारांचा उपयोग. वाफेच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ‘चोवीस तासांत चौरस मीटरमागे वीस हजार ग्रॅम’ हे कोणत्या चाचणीतलं, ते क्वचितच लिहिलेलं असतं, आणि चाचणी बदलली की त्याच कापडाचा आकडा कित्येक पटींनी बदलतो.

बाहेरच्या लेपाबद्दल एक नवी अडचण आहे. वर्षानुवर्षं पाणी घरंगळवणारी फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून ती मागे घेतली जाताहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कपड्यांत त्यांना बंदी आहे. मुसळधार पावसाच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुभा आहे. बंदी योग्यच आहे. मात्र नवे लेप तेल आणि घामापुढे लवकर हार मानतात. कापडाने पाणी प्यायलं की आतला पडदा शाबूत असूनही वाफ कोंडते आणि अंगाला गार लागतं. जॅकेट धुतलं तर खराब होतं हा समज त्यामुळे आता महागात पडेल. सौम्य द्रव साबण, भरपूर खळबळणं, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, आणि लेबलने परवानगी दिली असेल तर वाळल्यावर मंद इस्त्री. ओलं जॅकेट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं की स्वस्त पीयूचे (पॉलियुरेथेनचे) थर दोन-तीन पावसाळ्यांत सुटायला लागतात.

आमची एक सूचना आहे. प्रत्येकाने स्वतःचं जॅकेट घेण्याऐवजी तालुक्याच्या ठिकाणच्या क्लबांनी वेगवेगळ्या मापांची पाच-सहा चांगली जॅकेटं एकत्र घ्यावीत आणि गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला किंवा मोहिमेला निघालेल्यांना भाड्याने द्यावीत. नोंदवहीत प्रत्येक जॅकेटची धुलाई आणि दुरुस्ती लिहावी. परत आलेलं जॅकेट मात्र क्लबनेच धुवावं. ‘धुऊन आणा’ असं सांगितलं, तर घरी ते कपडे धुण्याच्या पावडरीत भिजणार, हे नक्की.