पूर्व तिमोर : न्यायालय उभे राहिले, पण भाषा कोणाची?

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात पूर्व तिमोरच्या ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला. लगेच इंडोनेशियन लष्कराच्या पाठबळावरील टोळ्यांनी देश जाळला. न्यायालयांच्या इमारती आणि दप्तरे गेली, न्यायाधीश व सरकारी वकील निघून गेले. गुन्हेगार पकडले तरी उभे करायचे कोणापुढे?

संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जानेवारी २००० मध्ये स्थानिक कायदा पदवीधरांतून पहिले न्यायाधीश नेमले. इंडोनेशियाच्या राजवटीत एकाही तिमोरी माणसाला न्यायाधीश केले नव्हते, त्यामुळे अनुभव कोणालाच नव्हता. तरी आपली माणसे त्या खुर्चीवर बसली, हे आम्हाला मोठे वाटते.

घोडे अडले ते भाषेवर. २००२ च्या संविधानाने तेतुम आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांना राजभाषा केले, पण कायदे लिहिले गेले पोर्तुगीजमध्ये. न्यायाधीश शिकलेले इंडोनेशियनमध्ये, लोक बोलणार तेतुम किंवा आपली बोली. २००५ मध्ये परिविक्षाधीन न्यायाधीश सरसकट नापास ठरले आणि परदेशी न्यायाधीशांवर भिस्त राहिली. २०१४ मध्ये, सरकारमधील लोकांवर भ्रष्टाचाराचे खटले सुरू असताना, सरकारने त्या परदेशी न्यायाधीशांनाही देशाबाहेर काढले. याला स्वाभिमान म्हणायला आमची तयारी नाही. (भाषेबद्दल आपणही फार बोलू नये, कलम ३४८ मुळे मुंबई उच्च न्यायालयाचा कारभार अजून इंग्रजीतच चालतो.)

मग लोक गावातल्या वडीलधाऱ्या पंचांकडे जातात. नवऱ्याने मारले तर दोन घराण्यांत भरपाई म्हणून जनावर किंवा पैसा ठरतो आणि बाई त्याच घरी परत पाठवली जाते. काही परदेशी अभ्यासक या पद्धतीचे ‘लोकांचा न्याय’ म्हणून कौतुक करतात. गावकी आणि जातपंचायत भोगलेल्या समाजाला हे कौतुक पटणार नाही. खेडे हा संविधानाचा घटक मानायला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत विरोध केला, तो याच अनुभवातून. महाराष्ट्रात जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध कायदा व्हायला २०१६ उजाडले.

तिमोरने २०१० मध्ये कौटुंबिक हिंसाचार हा सार्वजनिक गुन्हा ठरवला, म्हणजे घराण्यांनी मिटवला तरी खटला मिटत नाही. पण जिल्हा न्यायालये वर्षानुवर्षे चारच होती : दिली, बाऊकाऊ, सुआई, ओएकुसे. डोंगरातल्या बाईने तिथवर जायचे, आणि गेल्यावर दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत बसायचे. पंच मात्र शेजारच्याच घरात राहतो.