अबिसीनियाचा कळवळा आणि गांवकुसाबाहेरचें मौन

फैजपूरच्या काँग्रेसचे गोडवे गाण्याची आमच्या खानदेशांत एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. १९३६ सालच्या डिसेंबरच्या २७ व २८ तारखांस यावल तालुक्यांतील या गांवीं काँग्रेसचें ५० वें अधिवेशन भरलें; शहरें सोडून राष्ट्रसभा प्रथमच खेड्यांत आली; नंदलाल बोसांनीं बांबूंची शोभिवंत नगरी उभी केली; धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारख्यांनीं रात्रीचा दिवस केला; आणि पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानीं विराजमान झाले. येथपर्यंतची कथा शाळेंतलें पोरही सांगेल. पण त्या अध्यक्षांचीं मतें काय होतीं, त्यांनीं बोलून दाखविलें काय आणि बोलावयाचें राहिलें काय, असें विचारलें कीं आमचे व्याख्याते पाण्याचा पेला तोंडाला लावतात! आम्ही आज तेंच विचारणार आहों.

फैजपूरचें अध्यक्षपद नेहरूंच्या पदरांत आपोआप पडलें नव्हतें. त्याच वर्षीं एप्रिलांत लखनौस ते अध्यक्ष झालेलेच होते; पुन्हां त्यांनाच निवडावें कीं काय, याचा वाद होता. सरदार वल्लभभाई पटेलांचें नांव पुढें आलें होतें. सरदारांनीं माघार घेतली, पण घेतांना स्पष्ट बजावलें कीं, या माघारीवरून जवाहरलालांचीं सगळींच मतें मला मान्य आहेत असें कोणीं समजूं नये. म्हणजे उमेदवाराच्या मतांची झाडाझडती प्रथम त्याच्या जवळच्या सहकाऱ्यानेंच घेतली. मग तीच झाडाझडती भडगाव-पाचोऱ्याकडच्या एखाद्या कुणब्याच्या पोरानें घेतली, तर ती थोरांची निंदा कशी ठरते?

प्रथम त्यांच्या पदरांत जें टाकावयाचें तें मोकळ्या मनानें टाकूं. १९३५ च्या ऑक्टोबरांत इटलीनें अबिसीनियावर चाल केली. काळ्या लोकांच्या त्या स्वतंत्र राज्यावर विमानांतून बाँब पडले, विषारी वायु सोडला गेला, आणि १९३६ च्या मे महिन्यांत त्याची राजधानी पडली. युरोपांतील शहाणीं राष्ट्रें टकमका पाहात बसलीं. त्या वर्षीं मार्चांत, पत्नीच्या निधनानंतर स्वदेशीं परततांना नेहरूंना रोममध्यें थांबावें लागलें, तेव्हां मुसोलिनीनें भेटीचा आग्रह धरला. नेहरूंनीं ती भेट साफ नाकारली. फैजपूरच्या मंडपांत त्यांनीं अबिसीनियाचा आणि स्पेनचा प्रश्न काढला. फॅसिझम आणि साम्राज्यशाही हीं एकाच कुळींतलीं आहेत असें सांगितलें. आणि इंग्रजांच्या साम्राज्यवादी युद्धांत हिंदुस्थानानें भाग घेऊं नये असें बजावलें. ज्या काळीं मुसोलिनीच्या शिस्तीवर लट्टू होणारे आपल्या महाराष्ट्रांतही कमी नव्हते, त्या काळीं हें बोलणें धाडसाचें होतें आणि तें खरेंही होतें. गोऱ्या कातडीला काळ्यावर राज्य करण्याचा हक्क नाहीं, हें मत आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. त्याचा आरंभ नेहरूंपासून झाला असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस जोतीराव फुल्यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ सालीं अर्पण केला. तेव्हां काँग्रेसचा जन्म व्हावयास अजून बारा वर्षें होतीं!

येथें आमचे कांहीं शेतकरी बंधु विचारतील, “साहेब, अबिसीनिया कोठें, आमचें गिरणाकांठचें वावर कोठें? आम्हांला परराष्ट्रनीतीचें काय?” बंधूंनो, हा भ्रम टाका. १८६१ सालीं अमेरिकेंत गुलामगिरीवरून यादवी युद्ध जुंपलें. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आमच्या खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि चढत्या भावाच्या भरंवशावर ज्यांनीं कर्जें काढलीं त्यांच्या जमिनी सावकाराच्या वहींत जाऊन बसल्या. ज्यानें अमेरिकेचा नकाशा जन्मांत पाहिला नव्हता, त्याच्या घराचा लिलाव अमेरिकेंतील युद्धाच्या शेवटानें ठरविला. जुनी गोष्ट म्हणाल, तर नवी घ्या. २०२५ सालच्या ऑगस्टांत अमेरिकेच्या अध्यक्षानें भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसविली. आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस दिल्लीच्या सरकारनें परदेशी कापसावरची ११ टक्के आयात-जकात उठविली. ती सवलत आधीं सप्टेंबरअखेर होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत लांबविली. म्हणजे आमचा कापूस वेंचून घरांत येण्याच्या ऐन दिवसांत परक्या कापसाला वेस मोकळी! तेव्हां कोणत्याही उमेदवाराचें परराष्ट्रविषयक मत काय, हा प्रश्न बैठकींतल्या पंडितांचा नव्हे. तो कापसाच्या गाठोड्याचा आहे.

आतां दुसरी बाजू. काळ्या-गोऱ्याचा भेद ज्याला सातां समुद्रांपलीकडे दिसला, त्याला घरचा भेद किती दिसला? १९३२ सालीं अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनीं येरवड्यांत प्राण पणाला लावले. तेव्हां तुरुंगांत असलेल्या नेहरूंना काय वाटलें? एका बाजूच्या, किरकोळ प्रश्नासाठीं महात्माजींनीं जीव पणाला लावावा याचा त्यांना राग आला. हें आमचें म्हणणें नव्हे. १९३६ सालींच प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं स्वतःच प्रांजळपणें तसें लिहून ठेवलें आहे. कोट्यवधि माणसांच्या माणुसकीचा प्रश्न हा बाजूचा प्रश्न! आर्थिक प्रश्न सुटला कीं हीं जुनीं भूतें आपोआप पळतील, असा त्यांचा भरंवसा होता.

या भरंवशाला उत्तर त्याच वर्षीं मिळालें होतें. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानें डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलाविलें आणि भाषणाचा मसुदा पाहतांच परिषद गुंडाळली. बाबासाहेबांनीं तें भाषण १९३६ च्या मे महिन्यांत स्वतः छापून काढलें. त्यांत त्यांनीं समाजवाद्यांना विचारलें कीं, जातीजातींत विभागलेला मजूर क्रांतीसाठीं एक होणार कसा? तुम्ही कोणत्याही दिशेला वळा, जात तुमची वाट अडवून उभी आहेच. फैजपूरचा मंडप उभा राहण्याच्या सात महिने आधींचा हा सवाल. देशासमोर हा ग्रंथ असतांना अबिसीनियाच्या राजधानीपर्यंत जाणारी दृष्टि गांवकुसापाशीं येऊन कां मंदावली, असें आम्ही विचारतों.

पुढचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९४६ सालीं नेहरू हंगामी सरकारांत परराष्ट्रखातें पाहूं लागले. दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांस वेगळ्या वस्त्यांत कोंडणाऱ्या कायद्याविरुद्ध हिंदुस्थाननें संयुक्त राष्ट्रांत फिर्याद नेली. विजयालक्ष्मी पंडितांनीं ती लढविली. जनरल स्मट्सचा बचाव एकच होता: हा आमचा घरगुती प्रश्न आहे, जगानें त्यांत नाक खुपसूं नये! तो बचाव चालला नाहीं. डिसेंबरांत हिंदुस्थानच्या बाजूचा ठराव दोन-तृतीयांश मतांनीं मंजूर झाला. साऱ्या देशानें टाळ्या पिटल्या, आणि पिटाव्यात अशीच ती गोष्ट होती. पण टाळ्यांचा आवाज विरून पांच महिने होतात न होतात तों आमच्या अमळनेरच्या साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरास दहा दिवस अन्नत्याग करावा लागला. कशासाठीं? तर विठोबाच्या देवळाचें दार हरिजनांस उघडावें म्हणून! दर्बानमध्यें हिंदी माणसास वेगळ्या वस्तींत टाकणें हा अमानुषपणा. आणि आपल्या प्रत्येक गांवांत वेगळी वस्ती, वेगळा पाणवठा, वेगळें मसणवट, ही मात्र रूढि! फैजपूरच्या मंडपासाठीं राबलेल्या गुरुजींनाच हा हिशेब आपल्या प्राणानें पुरा करावयास निघावें लागलें, हें खानदेशानें विसरूं नये.

आणि स्मट्सचा तो बचाव पुढें कोणीं उचलला माहीत आहे? २००१ सालीं वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तीही दक्षिण आफ्रिकेंत, त्याच दर्बान शहरीं. तेथें दलित संघटनांनीं जातिभेदाचें गाऱ्हाणें मांडलें. तेव्हां भारत सरकारचे प्रतिनिधि काय म्हणाले? जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे! पंचावन्न वर्षांपूर्वीं ज्या बचावाला आम्हीं हंसलों, तोच आमच्या तोंडीं आला. यांत पक्षापक्षांचाही भेद नव्हता, कारण तेव्हां सत्तेवर नेहरूंचा पक्ष नव्हता; पण परदेशांत जाऊन घराची खिडकी लावून घेण्याची संवय तीच.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला असा कीं, जात म्हणजे वंश नव्हे असें खुद्द आंबेडकरांनींच म्हटलें आहे. होय, म्हटलें आहे! ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचें रक्त वेगळें नाहीं असें त्यांनीं सिद्ध करूं पाहिलें. त्यावरून निघतें काय? एकाच रक्तामांसाच्या माणसांना जन्मावरून वर-खालीं बसविणारी व्यवस्था अधिकच निराधार आहे, एवढेंच. अन्यायाला माफी त्यांतून कोठून निघाली? शिवाय वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येंत ‘कूळ’ या अर्थाचा शब्द आहे. आणि तो घालण्याची सूचना करणारा देश दुसरा-तिसरा कोणी नसून भारतच होता. त्या शब्दांत जात येते असें त्या कराराच्या समितीनें २००२ सालीं स्पष्ट केलें. आपणच लावलेलें झाड, आणि सावलींत घरचा माणूस बसूं लागला कीं हांकलावयाचें!

दुसरा आक्षेप असा कीं, घरचीं लक्तरें परदेशच्या वेशीवर कां टांगतां? आम्ही म्हणतों, लक्तरें तुम्हींच परदेशीं नेलींत. जात विमानांत बसून अमेरिकेस गेली नसती, तर सिअॅटल शहराला २०२३ च्या फेब्रुवारींत जातिभेदाला बंदी घालण्याचें कारणच पडलें नसतें. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें तसेंच विधेयक मंजूर केलें आणि ऑक्टोबरांत तेथील गव्हर्नरनें तें परत धाडलें. तिकडे गोऱ्यानें आपल्या मुलाला रंगावरून टोमणा मारला कीं टाहो फोडणारे कित्येक सुशिक्षित हिंदी लोक या विधेयकाविरुद्ध मात्र कंबर कसून उभे होते. फुल्यांनीं ज्यांच्या औदार्याला ग्रंथ अर्पण केला, त्यांच्या देशांत जाऊन यांनीं हें दाखविलें!

नेहरूंवर अन्याय करण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांनीं १९४७ सालीं आंबेडकरांना कायदेमंत्री केलें. घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता रद्द झाली, ती त्यांच्याच कारकीर्दींत. पण १९५१ सालीं त्याच आंबेडकरांनीं राजीनामा दिला, तेव्हां कारणांत हिंदु कोड बिलाबरोबर दोन गोष्टी शेजारीं शेजारीं होत्या: अनुसूचित जातींची उपेक्षा आणि सरकारची परराष्ट्रनीति. या दोहोंचा हिशेब एकाच पानावर मांडावा, ही रीत बाबासाहेबांनीं घालून दिली. तीच आम्ही पुढें चालवूं इच्छितों.

म्हणून वाचकहो, यापुढें दिल्लीचा असो, मुंबईचा असो वा आपल्याच तालुक्याचा असो, जो कोणी मोठ्या पदाचा उमेदवार तुमच्या गांवीं येऊन जगाच्या गोष्टी सांगूं लागेल, त्याचें ऐका. परदेशांत आमच्या पोरांचा रंगावरून अपमान होतो असें तो म्हणाला, तर जरूर टाळ्या वाजवा. मग उभे राहून त्याला तीन प्रश्न विचारा. परदेशाशीं तुम्ही जो व्यापारी करार कराल त्यांत आमच्या कापसाचें काय होणार? जातिभेदाचा प्रश्न जगाच्या पंचायतींत निघाला, तर तुम्ही फिर्यादीच्या बाजूनें उभे राहाल कीं स्मट्सच्या? आणि तुमच्या स्वतःच्या गांवांत मसणवट एक आहे कीं दोन?

तिसऱ्या प्रश्नाला जो उत्तर देत नाहीं, त्याच्या पहिल्या दोन उत्तरांवर विश्वास ठेवूं नका. त्याला मत देण्याची घाईही करूं नका.