नाकापेक्षा मोती जड

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता आरे-वारे येथे डोंगराच्या अंगावर चढतो आणि एका वळणावर खालच्या दोन्ही पुळणी, सुरूचे बन आणि अथांग समुद्र एकदम दृष्टीस पडतो. हे दृश्य पाहावयास थांबलेल्या वाहनांत अलीकडे एक नवा प्रकार ठळकपणे दिसू लागला आहे. स्प्रिंगा बदलून, ठोकळे बसवून अंगचणीपेक्षा उंच उचललेली जीपवजा गाडी आणि तिच्याखाली मडगार्डाबाहेर डोकावणारे, खोल खाचांचे चार दांडगे टायर. हे टायर चिखलासाठी घडविलेले असतात. प्रत्यक्षात ते पुण्याहून वा कोल्हापुराहून आंबा घाटमार्गे डांबरावरून येतात, डांबरावर उभे राहतात आणि डांबरावरूनच परत जातात. चिखलाशी त्यांची गाठ पडलीच तर ती हॉटेलच्या आवारात!

हौसेला मोल नसते हे खरे. स्वतःच्या पैशाने कोणी आपली गाडी सजवीत असेल तर इतरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु रस्ता हा सार्वजनिक असतो. त्यावरून यष्टीची लाल गाडी जाते, शाळेची मुले जातात, डोक्यावर पाटी घेतलेली मासेविक्री करणारी बाई जाते. म्हणून या हौसेचा हिशेब केवळ मालकाच्या खिशापुरता ठेवून भागणार नाही.

उंच गाडीस रुंद टायर हवाच, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये ज्या विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केली, तिचे युद्धकाळातील मूळ टायर अवघे सहा इंच रुंदीचे होते. आजही हापूसच्या पेट्या भरून जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटेने बागेतून उतरणारा पिकअप साध्या टायरांवरच चालतो. चिखलात अरुंद टायर खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो. रुंद टायर वाळूत, तोही हवा कमी केल्यावर, उपयोगी पडतो. म्हणजे ज्यांना खडतर वाटांचे खरोखर काम पडते, त्यांची निवड कामावरून ठरते. दांडगेपणाची मिरवणूक ज्यांना करावयाची असते, त्यांची निवड छायाचित्रावरून ठरते.

गणितही फार कठीण नाही. २०२० मध्ये आलेल्या नव्या थार गाडीच्या २५५/६५ आर १८ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ३१ इंच भरतो. त्याजागी ३३ इंची टायर घातला तर व्यास दोन इंचांनी वाढतो, पण गाडीच्या आसाची जमिनीपासूनची उंची वाढते ती फक्त एक इंच, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. या गाडीचा मागील आस अखंड आहे. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी तो त्यामुळे तसूभरही वर उठत नाही. उठते ती वरची काया आणि तिच्याबरोबर गाडीचा गुरुत्वमध्य. आरे-वाऱ्याच्या वळणांवर हाच गुरुत्वमध्य गाडीला बाहेर झुकवितो. दगड चुकविण्यासाठी मिळविलेल्या एका इंचाची ही किंमत आहे.

एवढ्यावर भागत नाही. मूळ काटा अचूक आहे असे मानले, तर ३३ इंची टायरावर काटा ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी ८५ किलोमीटर वेगाने धावत असते. ३५ इंची टायरावर तोच वेग ९० होतो. चाक मोठे झाले की तेच चाक थांबविण्यासाठी ब्रेकला अधिक जोर लावावा लागतो, आणि टायरचे वाढलेले वजन त्यात भर घालते. इंजिनाची ओढ कमी पडते, इंधन जास्त जळते, स्टिअरिंगचे सांधे आणि बेअरिंगे लवकर झिजतात. वेग वाढला, पण तो दिसत नाही. थांबण्याची ताकद घटली, पण ती जाणवत नाही. घाट उतरताना समोर गुरे आली म्हणजेच ती जाणवते.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात टायरची खरी परीक्षा ओल्या डांबरावर होते. चिखलाच्या टायरवर रबराचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा असतात. चिखल झटकून टाकण्यास ही रचना उत्तम. पण डांबराला प्रत्यक्ष भिडणारे रबर तिच्यात कमी असते आणि ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या बारीक चिरा तुरळक असतात. असा टायर डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो आणि पावसात ब्रेक दाबल्यावर रस्त्याच्या टायरपेक्षा उशिरा थांबतो.

सर्वांत गंभीर गोष्ट उंचीची. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे, ती पादचाऱ्यास धडकल्यास मृत्यू ओढवण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. मुळातच उंच असलेली गाडी आणखी तीन इंच उचलली म्हणजे बॉनेटपुढचे लहान मूल चालकाच्या दृष्टीआड होते आणि दिव्यांचा झोत समोरच्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांत जातो. संकष्टीला गणपतीपुळ्याच्या वाटेवर माणसांची केवढी दाटी होते, हे वेगळे सांगावयास नको.

यावर असे म्हटले जाईल की, कोकणातले रस्तेच असे आहेत की उंच गाडीवाचून गत्यंतर नाही. या तक्रारीत तथ्य आहे. मुंबई-गोवा महामार्गाची दुर्दशा कोकणी माणसाने वर्षानुवर्षे सोसली आहे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा सखल गाड्या निरुपयोगी ठरल्या होत्या. परंतु त्या पुराची पातळी दोन-तीन इंचांच्या उचलीने ओलांडण्याजोगी नव्हती; तेथे होड्या लागल्या. खड्ड्यांवरचा उपाय म्हणजे नीट बांधलेला रस्ता. त्याची मागणी सोडून प्रत्येकाने आपापली गाडी उचलून घेतली तर खड्डे तसेच राहतील आणि ज्यांच्यापाशी गाडी नाही, ते त्याच खड्ड्यांतून उंच गाड्यांना वाट देत चालतील.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. अपघातानंतर विमा कंपनी न कळविलेल्या फेरफाराकडे बोट दाखवू शकते, हेही मालकाने ध्यानी घ्यावे. तथापि केवळ मालकाला दंड करून भागणार नाही. अशी कामे उघडपणे करणाऱ्या गॅरेजांकडे परिवहन खात्याने पाहावयास हवे.

मोठ्या टायरांचा आणखी एक मोह म्हणजे गाडी थेट पुळणीवर घालणे. ओहोटीच्या वेळी कठीण भासणारी वाळू भरतीच्या पाण्याने मऊ होते आणि दांडग्या टायरांची गाडीही आसापर्यंत रुतून बसते. मग गावातील माणसांना हातचे काम टाकून दोर घेऊन धावावे लागते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वेळासपासून गावखडीपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे थंडीच्या दिवसांत अंडी घालतात. चाकांखाली वाळू दडपली जाते आणि समुद्राकडे निघालेले इवलेसे पिल्लू टायरच्या चाकोरीत अडकते. त्या पिल्लास ती चाकोरी दरीसारखीच असते.

मग ज्याला टायर बदलावयाचेच आहेत, त्याने काय करावे? प्रथम वर्षभरात आपली गाडी कोठे फिरली, याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. बहुतेक प्रवास डांबरावरचा असेल तर चिखलाचा टायर वर्ज्य समजावा. क्वचित कच्च्या वाटेला लागत असेल तर दोन्हींचा मेळ घालणारा ‘ऑल टेरेन’ टायर पुरे. माप उत्पादकाने त्याच गाडीस मान्य केलेल्या मर्यादेतच ठेवावे. टायरवरील भार आणि वेग यांचे अंक मूळ टायरहून कमी नसावेत. चारही चाकांचा घेर सारखा असावा, नाहीतर चारही चाकांना ओढ देणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी. हवा भरताना टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा न धरता गाडीच्या तक्त्यावरचा आकडा प्रमाण मानावा. आणि सुटे ठोकळे घालून गाडी उचलण्याचा विचार सोडून द्यावा.

नाकापेक्षा मोती जड झाला तर दुखते ते नाक. येथे मात्र मोती एकाच्या गाडीला आणि इजा रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या दुसऱ्याच कोणाला, असा प्रकार आहे. आरे-वाऱ्याचा समुद्र साध्या टायरांच्या गाडीतूनही तेवढाच निळा दिसतो, आणि यष्टीच्या खिडकीतूनही.