शंकरपटाला परवानगी, पैजेला नाही

बुलढाणा, खास प्रतिनिधी : सोयाबीन घरात आले आणि कापसाच्या वेचणीला वेग आला की पश्चिम विदर्भातील पटशौकिनांना शंकरपटाचे वेध लागतात. जोड्यांचा खुराक वाढतो, छकडे दुरुस्तीला जातात आणि यंदा कुणाची जोडी बाजी मारणार, याची चर्चा पारावर रंगू लागते. बुलढाणा जिल्ह्याला अंदाज बांधण्याची हौस नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी पीकपाण्याचे भाकीत सांगते आणि ते ऐकायला अक्षय्य तृतीयेला दूरदूरचे शेतकरी जमतात. पटाचा अंदाज मात्र अनेकदा खिशातील नोटेपर्यंत जातो. येत्या हंगामाचा खरा प्रश्न तिथे आहे.

बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे चाके थांबलेलीच राहिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या निकालाने पटशौकिनांना मोकळे रान मिळाले, असा समज गावोगाव आहे. तो अर्धाच खरा आहे. प्राण्यांच्या वेदना कमी करणाऱ्या अटी कायद्यात आल्या, म्हणून या दुरुस्त्या टिकल्या. त्या अटींची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय तपासणी, चाबूक आणि विजेचा धक्का यांना मनाई, असा हा मामला आहे. उल्लंघन झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैजेचा कायदा याहून वेगळा आणि बराच जुना आहे. राज्यात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पैज लावणे हा जुगारच मानला आहे. अपवाद घोड्यांच्या आणि श्वानांच्या शर्यतीचा. तोही परवानाधारक मैदानाच्या ठरवून दिलेल्या आवारात, शर्यतीच्याच दिवशी आणि परवानाधारक बुकी किंवा टोटमार्फत लावलेल्या पैजेपुरता. बैलांचे नाव या अपवादात नाही. त्यामुळे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बीच्या दिवशी घोड्यावर पैसे लावणारा मुंबईकर कायद्याच्या चौकटीत असतो. पटाच्या काठावर जोडीवर शंभराची नोट लावणारा कास्तकार मात्र त्याबाहेर जातो. ही विषमता खुपणारी आहे, यात शंका नाही.

मग घोड्यांची सवलत बैलांनाही द्या, असा युक्तिवाद होऊ शकतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे. जोडी घडविणे आणि धुरकऱ्याने ती एका रेषेत पळविणे, यातही कौशल्य नाही असे कोण म्हणेल? तथापि घोड्यांच्या पैजेमागे मोठी यंत्रणा उभी असते. घोड्याची वंशावळ, पूर्वीच्या धावांची नोंद, पाठीवरचे वजन, जॉकीचे नाव हे सारे छापील पुस्तिकेत प्रत्येकाला उपलब्ध असते; उत्तेजकांची तपासणी होते, वावगे आढळल्यास चौकशी होते. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींचा हंगाम शरद ऋतूत रंगात येतो तेव्हाच मार्चमधल्या चेल्टनहॅमवर पैजा लागू लागतात. अशा आगाऊ पैजेत घोडा जखमी होऊन उतरलाच नाही, तर पैसे सहसा बुडतात. पण ही अट लावणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

पटात यातले काही नाही. कुठे एकेक जोडी घड्याळावर धावते, तर कुठे दोन जोड्या समांतर दानांवर सुटतात. सेकंदाच्या अंशाने निकाल लागतो. बैल आजारी आहे, कालच लांबचा प्रवास करून आला आहे, की जोडीतला एक बदलला आहे, हे मालकाला आणि त्याच्या चार माणसांना ठाऊक असते. काठावरच्या गर्दीला नसते. म्हणजे पैज लावणाऱ्यांतील एका बाजूला पत्ते आधीच दिसलेले असतात. शिवाय मोठी रक्कम लागली की जोडी हरू नये म्हणून चोरून तुतारी टोचण्याचा मोह वाढतो. पैजेमुळे बैलाच्या अंगावर एक जरी वळ उठला, तरी घटनापीठाने मान्य केलेल्या आधारालाच धक्का बसतो.

बुलढाण्यात या प्रश्नाला आणखी एक किनार आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत हा जिल्हा होता. खामगाव, मलकापूरच्या बाजारात माल विकून हाती पैसा येण्याचे आणि पटाचे दिवस साधारण एकच. उसनवारी, पीककर्ज, लेकीचे लग्न याच पैशातून भागवायचे असते. शहरातील शौकीन पगारातून पैज लावतो, इथे वर्षाची कमाई पणाला लागू शकते. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. मोबाइलवरची वाट अडली, तर त्यातला काही पैसा मैदानाच्या काठाकडे वळण्याची शक्यता नाकारता येत नाही.

बक्षिसाला कुणाची हरकत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील मोठ्या मैदानांत ट्रॅक्टर आणि मोटारीपर्यंत बक्षिसे गेली आहेत. पट जिंकलेल्या बैलाची किंमत वाढते, आणि मालकाची खरी मिळकत तीच. त्यासाठी पैजेची गरज पडत नाही. आयोजकांनी शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करावे, अशी नियमांत तरतूद आहे. हे चित्रीकरण धावपट्टीपुरतेच राहते. परवानगी देतानाच मैदानाच्या काठावर साध्या वेशातील पोलिस नेमण्याची अट घालणे प्रशासनाला अवघड नाही. पहिले अर्ज दाखल होतील, तेव्हा ती घातली जाते का, हे कळेलच.